एकच ब्लूज गाणं, सहा रूपं: ‘क्रॉसरोड्स’ ऐकायचं कसं?

२०२५ मध्ये ‘सिनर्स’ हा चित्रपट आला आणि १९३२ सालच्या मिसिसिपीतलं ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, आपल्याकडच्या पुष्कळ कानांवर पहिल्यांदाच पडलं. मग कुणी ब्लूज शोधायला निघालं की लवकरच एका गाण्यापाशी येऊन अडतं. कुठे त्याचं नाव ‘क्रॉस रोड ब्लूज’, कुठे नुसतं ‘क्रॉसरोड्स’, तर कुठे ‘स्टँडिंग अ‍ॅट द क्रॉसरोड्स’. एका रेकॉर्डवर खरखरीच्या आडून एकटा गायक आणि त्याची एकच गिटार ऐकू येते. दुसऱ्या रेकॉर्डवर तीन वादक भरलेल्या सभागृहात असा दणका उडवतात की शब्द नीट कळतसुद्धा नाहीत. रचनाकाराच्या जागी नाव मात्र बहुतेक वेळा एकच दिसतं, आर. जॉन्सन, म्हणजे रॉबर्ट जॉन्सन.

मग हे सगळं एकच गाणं आहे का? असेल तर त्यात सारखं काय, बदललं काय, आणि कुणी जास्त चांगलं गायलं हे कसं ठरवायचं? ‘मला हे आवडलं, ते नाही आवडलं’ इथेच गोष्ट थांबू नये, कारण या गाण्यात काय राखलं गेलं आणि काय गाळलं गेलं ते नीट ऐकलं तर अमेरिकेच्या इतिहासाचा एक अवघड तुकडा त्यात सापडतो.

कव्हर म्हणजे नक्की काय?

आधी एकाने रेकॉर्ड केलेलं गाणं दुसऱ्याने पुन्हा नव्याने रेकॉर्ड केलं की त्याला कव्हर म्हणतात. जुन्याच रेकॉर्डिंगवर नवा ठेका चढवला तर तो रीमिक्स. कव्हरमध्ये आवाज, वाद्यं, वेग, सगळं नवं असतं. जुनी असते ती फक्त रचना.

आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. एकच बंदिश ग्वाल्हेरवाला गातो, किराण्यावाला गातो आणि जयपूरवालाही गातो. कुणाची लय निम्मी, कुणाचा अंतरा गाळलेला, कुणाचे शब्द जरा निराळे. तरी ऐकणारा म्हणतो, ‘ही तीच बंदिश’. ब्लूजचंही तसंच आहे. फरक इतकाच की आपण बंदिशीत गायकाला ही मोकळीक गृहीत धरतो आणि रेकॉर्डवरच्या गाण्यात मात्र ‘मूळ’ शोधत बसतो.

ब्लूजमध्ये हे मूळसुद्धा निखळ नसतं. एका गायकाची ओळ दुसऱ्याच्या गाण्यात, त्याची चाल तिसऱ्याच्या गाण्यात, अशी देवघेव या संगीतात सुरुवातीपासून चालत आली. रॉबर्ट जॉन्सनचं ‘स्वीट होम शिकागो’ हे प्रसिद्ध गाणं त्याआधीच्या ‘कोकोमो’ नावाच्या गाण्यांवर उभं आहे. ‘क्रॉस रोड ब्लूज’च्या चालीचा माग काही अभ्यासक १९२९ सालच्या एका रेकॉर्डपर्यंत नेतात. म्हणून या लेखात ‘मूळ’ म्हणजे या नावाने आणि या रूपात सापडणारं पहिलं रेकॉर्डिंग, एवढाच अर्थ घ्यावा.

आधी ४८ मात्रा मोजायला शिका

ब्लूजचा सगळ्यात प्रचलित साचा बारा बारांचा असतो. चार मात्रांचा एक बार, म्हणजे एका कडव्याच्या ४८ मात्रा. तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. कडव्यात ओळीही तीनच असतात: पहिली ओळ, तीच पुन्हा एकदा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला सोळा मात्रा मिळतात. गायक त्यातल्या साधारण नऊ-दहा मात्रांत ओळ संपवतो आणि उरलेल्या जागेत गिटार बोलते. गायकाने विचारायचं, वाद्याने उत्तर द्यायचं, असा तो संवाद असतो.

सुरांची चौकटही सोपी आहे. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले तीन-चार सूर. बारा बारांच्या ब्लूजला तीनच कॉर्ड पुरतात: एक सा वर उभी असलेली, दुसरी म वर आणि तिसरी प वर. पहिल्या ओळीच्या सोळा मात्रा सा च्या कॉर्डवर. दुसऱ्या ओळीत आठ मात्रा म च्या कॉर्डवर आणि आठ पुन्हा सा वर. तिसऱ्या ओळीत चार मात्रा प, चार म, चार सा, आणि शेवटच्या चार मात्रांत पुढच्या कडव्याकडे ढकलणारी लहानशी जागा. या जागेला टर्नअराउंड म्हणतात.

घरात हार्मोनियम असेल तर हे लगेच वाजवून बघा. सा पांढरी सहा धरा. सा ची कॉर्ड म्हणजे पांढरी सहा, काळी एक, पांढरी तीन. म ची कॉर्ड म्हणजे पांढरी दोन, काळी तीन, पांढरी सहा. प ची कॉर्ड म्हणजे पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात. वर सांगितलेल्या मात्रांनी या तीन कॉर्ड बदलत गेलात की ब्लूजचा सांगाडा तुमच्या हाताखाली असतो. पुढे येणारं क्रीम या बँडचं रेकॉर्डिंग याच पट्टीत आहे, त्यामुळे त्याच्याबरोबर वाजवूनही पाहता येईल.

दोन ठिकाणी हमखास गडबड होते. पहिली म्हणजे टाळी. तीनतालाच्या सवयीने आपला हात पहिल्या मात्रेवर पडतो; ब्लूज आणि रॉकमध्ये ड्रमचा ठसठशीत ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. त्या ठोक्यालाच सम समजलात की मोजणी पहिल्या बारापासून सरकते. दुसरी गडबड पहिल्या ओळीत. पुष्कळ वादक दुसऱ्याच बाराला म च्या कॉर्डवर जाऊन परत येतात. याला क्विक चेंज म्हणतात. तो ऐकून ‘दुसरी ओळ सुरू झाली’ असं समजू नका. शब्द पुन्हा म्हटले जाईपर्यंत पहिलीच ओळ चालू असते.

सॅन अँटोनियो, नोव्हेंबर १९३६

रॉबर्ट जॉन्सन १९११ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या हेझलहर्स्टला जन्मला आणि १९३८ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, ग्रीनवुडजवळ वारला. त्याचं सगळं रेकॉर्डिंग दोन खेपांत झालं: नोव्हेंबर १९३६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला आणि जून १९३७ मध्ये डॅलसला. गाणी एकूण २९. ‘क्रॉस रोड ब्लूज’ २७ नोव्हेंबर १९३६ रोजी सॅन अँटोनियोच्या गुंटर हॉटेलात रेकॉर्ड झालं. दोनदा गायलं गेलं आणि दोन्ही टेक शिल्लक आहेत.

ही दोन टेकची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९३७ मध्ये मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर आला तो पहिला टेक. १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने जॉन्सनच्या गाण्यांची एलपी काढली तेव्हा तिच्यात दुसरा टेक घातला, आणि तो पहिल्याहून संथ आहे: पहिला मिनिटाला साधारण १०६ मात्रांचा, दुसरा ९६ च्या आसपास. १९६० च्या दशकातल्या इंग्लंडमधल्या पोरांनी जॉन्सनला ओळखलं ते या एलपीमधून. म्हणजे क्रीमची तुलना करायची तर दुसऱ्या टेकशी करणं जास्त रास्त. १९९० च्या संपूर्ण संचात दोन्ही टेक आहेत. अ‍ॅपवर शोधताना शीर्षकापुढे टेकचा क्रमांक आहे का ते पाहून घ्या.

आता मोजायला बसा आणि गोंधळून जायची तयारी ठेवा. जॉन्सनची कडवी बारा बारांत बसत नाहीत. ती चौदा-पंधरा बारांपर्यंत जातात आणि प्रत्येक कडवं सारखं लांबही नसतं. एकटा माणूस वाजवतोय. त्याला कुणासाठी समेवर यायचं नाही. ओळ संपली की गिटारचं उत्तर जितकं लांबवावंसं वाटेल तितकं तो लांबवतो. म च्या आणि प च्या कॉर्डही पूर्ण अशा वाजत नाहीत, सुरांतून नुसत्या सुचवल्या जातात. एका मात्रेचे कधी तीन भाग करून तो डुलत चालतो, कधी सरळ दोन भाग करून. म्हणून पाय ठोकत मोजण्याऐवजी इथे शब्दांवर लक्ष ठेवा: ओळ, तीच ओळ, उत्तर. तीन ओळी झाल्या की कडवं झालं, मग मात्रा कितीही होवोत.

गिटार कानाला इतकी रडवेली लागते त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे तिचं ट्यूनिंग. नेहमीच्या पद्धतीने न लावता तारा अशा लावलेल्या आहेत की बोट न ठेवता सगळ्या एकदम छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजावी. याला ओपन ट्यूनिंग म्हणतात. सा साधारण पांढऱ्या सातवर येतो. दुसरं कारण स्लाइड, म्हणजे बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवरून सरकवणं. त्यामुळे सूर पायऱ्यांनी चढत नाही, मींडेने जातो. ब्लूजचा जीव असलेला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी राहतो. हार्मोनियमवर तो सापडणार नाही. सतारीवर किंवा गळ्यातून लगेच काढता येईल.

या गाण्यात सैतान आहे कुठे?

या गाण्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट अशी: जॉन्सनने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटारची विद्या घेतली. क्लार्क्सडेल गावात महामार्ग ६१ आणि ४९ च्या चौकात गिटारांची मोठी खूण उभी आहे, तिथे लोक फोटो काढतात.

गाण्याचे शब्द मात्र वेगळंच सांगतात. त्यात सैतानाचं नावही नाही. गाणारा चौरस्त्यावर जातो, गुडघे टेकतो आणि देवाकडे दयेची याचना करतो. मग येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीला हात करतो. कुणी ओळख दाखवत नाही, सगळे पुढे निघून जातात. सूर्य मावळत चाललाय. आपण बुडतोय हे माझा मित्र विली ब्राउनला जाऊन सांगा, असा निरोप तो देतो. (विली ब्राउन हा त्याच भागातला खरा गिटारवादक होता.) सैतानाशी झालेल्या सौद्याची कहाणी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दलही सांगितली जात होती. आडनाव एकच असल्यामुळे घोटाळ्यात भर पडली.

आता सूर्यास्ताच्या कडव्यापाशी थोडं थांबा, कारण पुढची सगळी तुलना त्याच्यावर उभी आहे. १९३० च्या दशकातल्या मिसिसिपीत अनोळखी रस्त्यावर अंधार पडल्यावर एकट्या सापडलेल्या काळ्या माणसाला काय भोगावं लागेल याचा नेम नव्हता. कामधंदा दाखवता आला नाही तर भटकेपणाच्या कायद्याखाली अटक होई आणि सक्तमजुरीला जुंपलं जाई. जमावाच्या हातून मरणाचीही भीती होती. अमेरिकेत काही गावं तर अशी होती की सूर्यास्तानंतर काळ्या माणसाने तिथे थांबायचंच नाही. हे ध्यानात घेतलं की गाडी न थांबणं ही नुसती गैरसोय राहत नाही. माझ्या मते हे गाणं भीतीचं आहे, आणि ती भीती सैतानाची नसून माणसांची आहे.

एल्मोर जेम्स: तोच चौरस्ता, निराळं दुःख

कव्हर म्हणजे गोऱ्या रॉकवाल्यांनी उचललेली काळ्यांची गाणी, असा समज असतो. त्याला पहिला धक्का इथे बसतो. एल्मोर जेम्सही मिसिसिपीचाच, काळाच, जॉन्सनच्या परंपरेतलाच. १९५४ मध्ये त्याने ‘स्टँडिंग अ‍ॅट द क्रॉसरोड्स’ रेकॉर्ड केलं आणि पुढे पुन्हा एकदा. त्याने चौरस्त्याचं चित्र ठेवलं आणि त्याखालची गोष्ट बदलली: इथे दुःख आहे प्रेयसी सोडून गेल्याचं. गुडघे टेकणं नाही, देवाला हाक नाही, मावळता सूर्य नाही.

संगीतही बदललं. त्याच्याजवळ विजेवर चालणारी गिटार आणि अख्खा बँड आहे. चार-पाच जण एकत्र वाजवणार म्हटल्यावर चौदा-पंधरा बारांची लहर परवडत नाही, सगळ्यांना एकाच समेवर यावं लागतं, म्हणून साचा घट्ट बारा बारांचा झाला. जॉन्सनची कडवी सरळ झाली यामागे एवढं साधं कारण आहे. सुरुवातीला गिटारवर एकाच कॉर्डचा जो तिहेरी मारा होतो तो एल्मोरच्या १९५१ सालच्या ‘डस्ट माय ब्रूम’ या रेकॉर्डमुळे त्याची सहीच बनला होता. ते गाणंही जॉन्सनने १९३६ मध्ये गायलेलं.

क्रीम: सव्वाचार मिनिटांचा वणवा

१० मार्च १९६८, सॅन फ्रान्सिस्कोचं विंटरलँड सभागृह. गिटार आणि गाणं एरिक क्लॅप्टनचं, बास जॅक ब्रूसचा, ड्रम जिंजर बेकरचे. त्याच वर्षी ‘व्हील्स ऑफ फायर’ या जोडअल्बममध्ये हे रेकॉर्डिंग आलं आणि जगाने ‘क्रॉसरोड्स’ म्हणून हेच गाणं ओळखलं. क्लॅप्टनने हे गाणं १९६६ मध्ये दुसऱ्या एका तात्पुरत्या बँडबरोबर रेकॉर्ड केलं होतं, तेव्हा गायला होता स्टीव्ह विनवूड. त्यामुळे विंटरलँडचं रूप त्या रात्रीच सुचलं असं नाही.

इथे काय काय बदललं ते क्रमाने ऐका. साचा बारा बारांचा, काटेकोर. वेग जॉन्सनहून बराच जास्त. मात्रेचे दोन सरळ भाग, डुलणं संपलं. स्लाइड नाही. जॉन्सनच्या गिटारमधल्या विखुरलेल्या तुकड्यांऐवजी एक पक्की धून पुन्हा पुन्हा येते. अशा फिरून फिरून येणाऱ्या लहान धुनेला रिफ म्हणतात. एकदा ऐकली की ती डोक्यातून जात नाही. आणि सगळ्यात मोठी भर म्हणजे दोन सोलो, गाणं थांबवून गिटारने एकटीने केलेला विस्तार. दुसरा सोलो जास्त लांब आणि सुरुवातीपासूनच वरच्या पट्टीत. जॉन्सनच्या रेकॉर्डवर असा स्वतंत्र सोलो नाही. त्याची गिटार गाण्याच्या बोटाला धरून चालते.

क्लॅप्टनचा सोलो इतका ताजा का वाटतो? तो दोन सुरावटी मिसळतो. एक सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे सुरांपुरता आपला धानी. दुसरी सा, रे, ग, प, ध, म्हणजे भूप. धानीत करवादायचं आणि मधेच भूपाचा उजेड पाडायचा, असं तो एकाच वाक्यात करतो. गिटारला कान सरावला की खालचा बास ऐका. ब्रूस साथ करत नाही, तो जवळजवळ दुसरा सोलोच वाजवतो. तिघेही एकमेकांना ढकलत असतात आणि काही जागी सम हरवल्यासारखी वाटते. ते तुमच्या कानाचं चुकलेलं नाही. ठेका मधे उलटा पडल्याची नाराजी पुढे खुद्द क्लॅप्टनने बोलून दाखवली. मला मात्र तीच कडेलोटाची भीती या रेकॉर्डचा प्राण वाटते.

आता शब्द. गुडघे टेकणं राहिलं, गाडीला हात करणं राहिलं, विली ब्राउनही राहिला. सूर्यास्ताचं कडवं गेलं. त्याच्या जागी रोजडेल गावाला मैत्रिणीला घेऊन जाण्याचं, नदीकाठी मजा करण्याचं कडवं आलं, आणि तेही दोनदा. हे कडवं जॉन्सनच्याच १९३७ सालच्या ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’मधून घेतलेलं आहे. म्हणजे शब्द चोरले नाहीत, परकेही घातले नाहीत. तरी गाण्याची दिशा फिरली. जॉन्सनचा माणूस रस्त्यात अडकलाय आणि अंधार येतोय. क्रीमचा माणूस रस्त्याला लागलाय.

क्रीमने जाणूनबुजून इतिहास पुसला असं मला म्हणायचं नाही. लंडनच्या आसपास वाढलेल्या तरुणाला त्या सूर्यास्ताचा अर्थ अंगावर येईलच असं नाही. परिणाम मात्र झाला. कोट्यवधी लोकांनी हे गाणं ऐकलं आणि त्यातली नेमकी भीतीच त्यांच्यापर्यंत पोचली नाही. रिकामी झालेली जागा सैतानाच्या दंतकथेने भरली.

नंतरचे, थोडक्यात

लिनर्ड स्किनर्ड या बँडने १९७६ मध्ये अटलांटाच्या फॉक्स थिएटरमध्ये ते वाजवलं. ते ऐकलं की लगेच कळतं, हे जॉन्सनचं कव्हर नाही, क्रीमचं आहे. रिफ तीच, शब्द तेच. कव्हरचंही कव्हर होतं. जॉन मेयरने २००९ मध्ये ते फंकच्या तुटक ठेक्यात बांधलं, नीटनेटकं आणि माझ्या कानाला जरा जास्तच गुळगुळीत. रोरी ब्लॉक या गायिकेने २००६ मध्ये उलटी वाट धरली: एकच गिटार, स्लाइड, आणि जॉन्सनची प्रत्येक हरकत जागच्या जागी. शिकणाऱ्यांसाठी हे रेकॉर्डिंग फार मोलाचं आहे, कारण १९३६ च्या खरखरीत दडलेली बोटं इथे स्वच्छ ऐकू येतात.

स्वतः तुलना करायची तर

एका बैठकीत तीनच रूपं घ्या: जॉन्सनचा दुसरा टेक, एल्मोर, क्रीम. आवाज सारखा करून घ्या. नवी किंवा रीमास्टर केलेली रेकॉर्डिंग मोठ्याने वाजतात आणि मोठं ते आपल्याला उगीचच चांगलं वाटतं. जॉन्सनसाठी हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर गिटारच्या खालच्या तारा ऐकूच येत नाहीत आणि मग ‘नुसती किणकिण’ असं वाटून माणूस पुढे सरकतो.

पहिल्या खेपेला फक्त शब्द. कुठलं कडवं आहे, कुठलं नाही, एवढंच कागदावर मांडा. शब्द उच्चारांमुळे कळत नसतील तर आधी वाचून घ्या, पण कुठला टेक उतरवलाय ते तपासा. दोन टेकची कडवी तंतोतंत सारखी नाहीत आणि इंटरनेटवर त्यांची सर्रास सरमिसळ झालेली असते. दुसऱ्या खेपेला मात्रा मोजा. तिसऱ्या खेपेला शब्द सोडून द्या आणि ओळीनंतरच्या रिकाम्या जागेत कोण बोलतंय ते ऐका. जॉन्सनकडे त्याचीच गिटार, एल्मोरकडे स्लाइड आणि मागे बँड, क्रीमकडे तिघेही एकदम. मूळ रूपातली गायक आणि वाद्य यांची विचारपूस तिथे गर्दीत हरवलेली दिसेल.

वेगाची तुलना करताना एक चूक सहज होते. जॉन्सनला निम्म्या लयीत मोजलं आणि क्रीमला पूर्ण लयीत, तर फरक दुपटीचा वाटतो. दोन्हीकडे गायलेल्या एका ओळीला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा, म्हणजे फसगत होत नाही.

‘मूळच श्रेष्ठ, बाकी नकला’ असं नाही का?

नाही, आणि याचं उत्तर जॉन्सनच्याच दोन टेकमध्ये आहे. एकाच दिवशी, एकाच जागी, तोच माणूस तेच गाणं दोन वेगांत गातो. मग त्यातलं मूळ कुठलं? आपल्याकडे एकच तबकडी उरली असती तर तिलाच आपण दगडावरची रेघ मानलं असतं. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. नाचघरात किंवा रस्त्याच्या कडेला तो हेच गाणं किती लांबवत असेल याचा पुरावा तबकडी देऊ शकत नाही.

उलटा आक्षेपही ऐकू येतो: ‘जुनं रेकॉर्डिंग तांत्रिकदृष्ट्या कच्चं, नव्यात सुधारणा झाली.’ चौदा बारांचे बारा करणं ही सुधारणा नव्हे. ते लांबलेले दोन बार म्हणजे गाडीची वाट बघणं आहे. ते कापले की गाणं धावू लागतं, पण वाट बघणं संपतं.

आणखी एक दावा अधूनमधून उठतो, की जॉन्सनची रेकॉर्डिंग मुळापेक्षा वेगात केली गेली आणि खरा आवाज जाड, संथ होता. अभ्यासकांनी तो फारसा मानलेला नाही. दोन शहरांत, सात महिन्यांच्या अंतराने केलेल्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकी तीच चूक व्हावी हे पटण्यासारखं नाही. ‘खऱ्या वेगातला जॉन्सन’ म्हणून फिरणाऱ्या संथ फायली कुतूहल म्हणून ऐका, तुलनेला धरू नका.

मग ही चोरी नाही का? पैसे कुणाला?

अमेरिकेत १९०९ च्या कायद्यापासून तरतूद आहे: गाणं एकदा मालकाच्या संमतीने रेकॉर्ड होऊन बाजारात आलं की ठरलेली रक्कम भरून कुणालाही त्याचं कव्हर करता येतं. त्यामुळे कव्हर करणं ही चोरी नाही. श्रेय आणि पैसे न देणं ही चोरी. ‘व्हील्स ऑफ फायर’वर रचनाकार म्हणून जॉन्सनचं नाव आहे. रोलिंग स्टोन्स या इंग्लिश बँडने ‘लव्ह इन व्हेन’ आणि ‘स्टॉप ब्रेकिंग डाउन’ ही जॉन्सनची गाणी रेकॉर्ड केली तेव्हा मात्र त्यावर त्याचं नाव नव्हतं. हा वाद कोर्टात गेला. ही गाणी कुणाच्याच मालकीची उरलेली नाहीत, असा स्टोन्सच्या बाजूच्या प्रकाशकांचा युक्तिवाद होता. २००० साली अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि हक्क जॉन्सनच्या वारशाकडे असल्याचा निकाल दिला. तोपर्यंत जॉन्सनला जाऊन ६२ वर्षं झाली होती.

भारतात कव्हरसाठी कॉपीराइट कायद्याचं कलम ३१-सी आहे, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं जाऊ द्यावी लागतात, मालकाला आधी सूचना द्यावी लागते, आणि वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. मुखपृष्ठावर मूळ गायकाचं नाव किंवा चित्र दिशाभूल होईल असं वापरता येत नाही. आणखी एक अट आहे: तांत्रिक गरजेपलीकडे, मालकाच्या संमतीशिवाय रचनेत बदल करायचा नाही. म्हणजे क्रीमने केली तशी कडव्यांची अदलाबदल या कलमाच्या आधारे करता येणार नाही. त्यासाठी मालकाची वेगळी परवानगी लागेल.

जॉन्सनच्या बाबतीत भारतात हा प्रश्न उरत नाही. आपल्याकडे रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि जॉन्सनच्या बाबतीत मुदत केव्हाच संपली. पण ‘क्रॉसरोड्स’ गाऊन व्हिडिओ टाकायचा असेल तर दोन गोष्टी सांभाळा. व्हिडिओ जगभर दिसतो आणि अमेरिकेतली मुदत वेगळी मोजली जाते, त्यामुळे तिथे दावा लागू शकतो. आणि क्रीमच्या रेकॉर्डिंगचा एक तुकडाही मागे वाजवू नका: भारतात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६८ चं ते ध्वनिमुद्रण २०२८ च्या अखेरपर्यंत मालकाचंच आहे. गिटार आणि गळा आपला वापरा, वर्णनात रॉबर्ट जॉन्सनचं नाव लिहा, आणि जमलं तर सूर्यास्ताचं कडवं गाळू नका.